भिंगरीचा धडा आणि तुझी फूटपट्टी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल. मी रोज देवाला सांगते, तू तेल लावत जा.

पार्सल पोचलं. पितळी घंटा एक, फूटपट्टी एक, खडू बारा (चार तुटलेले, पण तुकडेही लिहितात) आणि वर्गाला शिस्त लावायचे तुझे एकवीस नियम. तू तिकिटं कमी लावल्यामुळे पोस्टमनला चाळीस रुपये द्यावे लागले. बहिणीबहिणीत काय हिशोब, म्हणून ते लिहीत नाही.

तुला ठाऊकच आहे, शाळेच्या बाईंनी वाचनात मागे पडलेली सात मुलं रोज दुपारी तासभर माझ्या पुढच्या खोलीत पाठवायला सुरुवात केली (गल्लीत मॅट्रिक झालेली आणि दुपारी न झोपणारी मी एकटीच). नियम पहिला, गोंगाट झाला की घंटा वाजवावी. वाजवली. पण आमच्या घरात घंटा वाजते ती देवापुढेच, त्यामुळे सातही मुलांनी हात जोडून डोळे मिटले. शांतता झाली, ती नको तितकी. कुणी डोळे उघडेना. सवयीने मीही हात जोडले होते, म्हणून रागावता येईना. दोघं तर झोपली.

नियम चौथा, हलेल त्याला दाराबाहेर उभं करावं. इथे मी अडले. एक मुलगी आहे, सगळे तिला भिंगरी म्हणतात. बसवली की अक्षरं तिच्यापुढून पळतात. चार दिवस मी तिला मांडी घालून बसवलं, चार दिवस ती 'घर' या शब्दापाशी रडली. पाचव्या दिवशी भांडी घासताना माझ्या ध्यानात आलं, की माझं नामस्मरणसुद्धा भांडी घासतानाच नीट होतं. आसनावर बसले की गॅसवरचं दूध आठवतं. (देवाला हे माहीत आहे, तुला आज सांगते.) मग तिला म्हटलं, "ऊठ, चालत वाच." खोलीला अकरा फेऱ्या मारून तिने अख्खा धडा वाचला. मी सतरंजी गुंडाळून ठेवली, नाहीतर झिजली असती.

तिचे वडील सुतार. महिनाअखेरीला तिला शाळेतून काढणार आहेत. तिचं वाचन ऐकायला तरी या म्हणून मी त्यांना बोलावलं. आले, पण उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "राहू द्या काकू, मला सवय आहे." पोरीने वाचलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पण डोकं माझंच आलंय तिच्यात. शाळेत जाऊन दाराबाहेरच उभी राहणार. तुमच्या ताईंनी मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, ह्याच्या डोक्यात काही शिरायचं नाही म्हणून."

बाई तिला मागच्या भिंतीशी उभं राहून वाचू द्यायला तयार आहेत, हेही मी सांगितलं. त्यावर त्यांनी तुझंच वाक्य परत म्हटलं. तिसरीत तुझ्या वर्गात ऐकलेलं वाक्य, ताई, अजून तोंडपाठ.

बाकी सर्व क्षेम. तुझे नियम उपयोगी पडले.

तुझी,
धाकटी

ता. क. नियम उपयोगी पडले हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं. फूटपट्टी मात्र खरंच कामाला आली. एका मुलाची ओळ वाचताना सुटायची, आता तो पट्टी ओळीखाली धरून वाचतो. हातावर मारायची म्हणून पाठवली होतीस, म्हणून सांगितलं.

ता. क. दुसरा. सोबत कोरं कार्ड आहे, वर सुताराचा पत्ता मीच घातला आहे, तिकीट पूर्ण लावलं आहे. त्यावर त्यांना एवढंच लिही, "तुला ओळखण्यात माझी चूक झाली होती." माझं ते ऐकणार नाहीत, तुझं अजून ऐकतात. महिना संपायला नऊ दिवस आहेत. गुडघा दुखत असला तर बसून लिही, नाहीतर उभ्याने, पण उलट टपाली लिही.