मागच्या घरमालकाचं नाव

बाबा,

हे मी टपालात टाकणार नाही, तरी नीट लिहिते.

भाड्याच्या घराच्या अर्जात मागच्या घरमालकाचं नाव विचारलं होतं. बावीस वर्षं मी तुमच्याच घरात राहिले. शाळासुद्धा आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावरच घेतली. दुसरं नाव कुठून आणणार? तुमचं लिहिलं. नातं विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. ही लबाडी झाली का, ते मला अजून ठरवता येत नाही.

इथल्या घरमालकीण मिसेस लिंडक्विस्टनी खरंच तुम्हाला फोन लावला.

"काय गं केझाया, तुझा म्हातारा घरमालक भलताच घुमा!" त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "बोलायचे पैसे पडतात की काय त्याला? 'पोरगी शांत आहे, जाताना खोली झाडून गेली,' एवढंच. मग मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं, हिला पुन्हा ठेवाल का? तर म्हणतो, 'हो. आजसुद्धा.' आता याहून चांगली शिफारस कुठली, सांग!"

मी चर्च सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, हे दार तुला बंद. मी तेच धरून चालले होते.

मी त्यांचे आभार मानले आणि किल्ली घेतली.

इथे गल्लीत दोन्हीकडे मेपलची झाडं आहेत. दिवसभर आवाज नसतो. करार वर्षाचा आहे, आणि तुमचं 'आजसुद्धा' ऐकल्यावरही मी त्यावर सही केली.

तुमची,
केझाया