वरचा माणूस कोण?

३ नोव्हेंबर

जिंकलेले पैसे देत नाहीत मेले! घेताना बरे चटकन घेतात – बोट लावलं की गेले. द्यायची वेळ आली की "पडताळणी चालू आहे". कसली पडताळणी? पैसे टाकताना विचारलं होतं का, बाई तू कोण, कुठली?

खेळ तीन पत्तीचाच, मोबाईलवरचा. पत्ते मला कळतात. शेजारच्या लक्ष्मीबाईला मीच शिकवला. तिनं कानाच्या मशीनसाठी साठवलेले टाकले. वाढले चांगले. आता बाहेर निघंनात! माझं सोडा, मी भाजीतून वाचवलेले टाकले होते. पण तिला मशीन पाहिजेच. हॉर्न ऐकू येत नाय. मागं जालना रोडला टेम्पो लुगड्याला घासून गेला, हिला पत्ताच नाय.

५ नोव्हेंबर

खेळात मदतीचं एक बटण हाय. दाबलं की मोनिका येते. फोटो गोड. मला "प्रिय ग्राहक" म्हणते. मी बोलून पाठवलं – बाई, खंडोबाचा भंडारा समोर ठेवलाय, उचल आणि सांग पैसे देणार म्हणून. आमच्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती होत नाय.

लगेच उत्तर – "आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

सून तनुजा हसून हसून बेजार. "आत्याबाई, ती माणूस नाय, मशीन हाय!"

असंल. पण मशीन कुणीतरी बसवलंच असंल ना? तो कुठंय?

६ नोव्हेंबर

मोनिकाचं तेच – समस्या महत्त्वाची. लक्ष्मीबाई मात्र दारातून ओरडली, "आले का गं पैसे?" बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाय. सगळ्या गल्लीला कळलं.

तनुजा म्हणते पोलिसात जा. काकासाहेब, माझा लेक, म्हणतो, "माय, असले खेळ सरकारनं बंद केलेत. आधी तुलाच विचारतील, तू कशाला खेळली." विचारा म्हणावं! सांगते मी, खेळले. लपवत नाय. पण ज्यानं दुकान मांडलं, त्याला कोण विचारणार?

८ नोव्हेंबर

रिक्षानं औरंगपुऱ्यात गेले. सांडूच्या मोबाईलच्या दुकानात. त्यानंच खेळ घालून दिलता, रोख पैसे त्याच्याच हातात दिले की तो खेळात भरायचा. गिऱ्हाइकं उभी होती – मुद्दाम त्यांच्यासमोरच विचारलं.

"मावशी, मी फक्त वर पाठवतो."

"वर कुठं? वर तर देव राहतो."

"हळू बोला की!"

"बहिरीची शेजारीण हाय मी. मला हळू येत नाय."

कंपनी कुठली? माहीत नाय. मालक कोण? माहीत नाय. पाटी नाय, दार नाय, दाराला कडी नाय! आमच्या फुलंब्रीला मटका घेणारा होता. चोरच होता. पण त्याला घर होतं. पैसे अडवले की बाया जाऊन त्याच्या ओट्यावर बसायच्या, मग निमूट द्यायचा. ह्यांच्या ओट्यावर बसायचं तर ओटाच नाय.

पदराची गाठ सोडली, पुडी काढली, काउंटरवर भंडारा ठेवला. सांडूचं तोंड उतरलं. पण उचलला त्यानं. "खंडोबाची आण, मी एक रुपया ठेवला नाय. सगळे वरच्या माणसाच्या हातात दिले. नाव नका विचारू, मला पण लेकरं हायेत."

"हातात दिले म्हंजे इथलाच हाय तो!"

मान खाली घातली त्यानं. "तुमच्याच गल्लीतला हाय, मावशी."

आमच्या गल्लीतला! लक्ष्मीबाईला रोज रामराम घालत असंल, हरामखोर.

९ नोव्हेंबर

घरोघरी भंडाऱ्याची ताटली फिरवणार, ज्याच्या मनात पाप तो उचलणार नाय. पहिली आपल्याच घरात, म्हंजे कुणाला तोंड उघडायला जागा नाय.

१० नोव्हेंबर

सकाळी चहाला सगळे होते. ताटली मधी ठेवली. काकासाहेबानं उचलला. तनुजानं उचलला. नातू शिवराज ताटलीकडं बघंना. एवढा शिकलेला, कंपनीतला माणूस! "आज्जी, ही सगळी अंधश्रद्धा हाय." दसऱ्याला तळी उचलताना येळकोट येळकोट म्हणत सगळ्यात जोरात हाच ओरडत होता.

"मग उचल. नुसती हळदच हाय."

नाय उचलला. चहा तसाच ठेवून उठला. म्हंजे वरचा माणूस माझ्याच ताटात जेवत होता.

काकासाहेब म्हणाला, "माय, घरातली गोष्ट हाय, घरातच मिटवू." मी दारात जाऊन लक्ष्मीबाईला हाक मारली – तीनदा मारावी लागली. खुर्ची दिली. शिवराजला तिच्यासमोर बसवला. बजावलं – बापानं मधी पडायचं नाय, आईनं रडायचं नाय. जबाब तूच द्यायचा. आणि मोठ्यानं दे, तिला ऐकू येत नाय.