ड्रमरचा तिसरा हात

तीर्थरूप बाबांच्या चरणी,

आपल्या एकुलत्या एका जावयाचा साष्टांग नमस्कार. (एकुलता एक आहे म्हणून आजवर निभावलं, हे मी जाणून आहे. तुलनेला दुसरा जावई असता तर माझं काही खरं नव्हतं.) तब्येत कशी आहे? गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे फोनवर नीट कळलं नाही, कारण आपण सांगत होतात तेव्हा मीही बोलत होतो. नव्या चष्म्याने बारीक अक्षर दिसतं ना? धाकट्याकडे करमतं का? इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. आपल्या कन्येची प्रकृती उत्तम आहे आणि आवाज त्याहूनही उत्तम आहे. सध्या तो बहुतेक माझ्याच दिशेने येतो.

आता बातमी. बाबा, आपलं वाचनालय पुन्हा उघडतंय! हो, तेच, जिथे आपण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी पोचून पेपरची पहिली घडी मोडायचात. बंद करून तिथे गोदाम करायचं घाटत होतं तेव्हा दर रविवारी त्याच्या बंद फाटकापुढे उभा राहून मी बोललो. सुरुवातीला श्रोते तिघे होते, आणि त्यातला एक बसची वाट बघत होता. पण मी बोलत राहिलो! ज्या गावात पुस्तकाला छप्पर नाही त्या गावात माणसाला भिंती असून काय उपयोग, असं मी गरजलो, आणि बसची वाट बघणाऱ्याने त्या दिवशी बस सोडली. (बस आधीच गेली होती, असं आपली कन्या म्हणते. तिच्या म्हणण्याकडे मी वक्ता म्हणून दुर्लक्ष करतो आणि नवरा म्हणून मान डोलावतो.) पुढे माणसं वाढली, अर्ज गेले, सह्या झाल्या आणि शेवटी कचेरीतल्या लोकांना पाझर फुटला किंवा कंटाळा आला, काहीही असो, कुलूप निघालं. उघडण्याच्या दिवशी अंगणात मंच बांधून गावातली गाणारी मंडळी गाणार आहेत. ज्याला गायचं असेल त्याने आधी गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं, त्यातून निवड होणार. त्या फाटकासमोर उभ्या उभ्या मी एक गाणं लिहिलं होतं, ‘दार उघडा’ नावाचं. तेच गाणं त्याच दारात व्हायला हवं, बाबा. नाही झालं तर माझं अर्धं भांडण घशातच राहील, आणि घशात राहिलेलं भांडण मला किती सोसतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आमच्या संगीत मंडळात माणसं दोन. शब्द, गळा आणि गाण्याच्या मधोमध येणारं छोटंसं भाषण माझं. गिटार चष्मेवाल्याची. (कोपऱ्यावरचा; आपल्या आधीच्या चष्म्याच्या काड्या त्यानेच बसवल्या होत्या. त्याच्या दुकानात माणसं नंबर काढायला येतात आणि गाणं ऐकून तोच नंबर घेऊन परत जातात.) तालासाठी आजवर आम्ही टेबल बडवायचो. पण रेकॉर्ड केलं की टेबल टेबलासारखंच ऐकू येतं, ही त्या वस्तूची प्रामाणिक खोड. तेव्हा चष्मेवाला एक दिवस आपला जुना कॉम्प्युटर काखेत मारून आला आणि म्हणाला, ह्याच्यात एक ड्रमर आहे.

मी कडाडलो. ज्याने चौकाचौकात यंत्रांविरुद्ध आवाज उठवला, दुकानाच्या गल्ल्यावर माणसाऐवजी यंत्र बसवलं तेव्हा जो अर्धा किलो साखर हातात धरून तासभर बोलला, त्याच्या घरात यंत्राचा ड्रमर? चष्मेवाल्याने काही वाद घातला नाही. त्याने फक्त एक बटण दाबलं. आणि बाबा, काय सांगू! आमच्या त्या बैठकीच्या खोलीत, जिथे पंखा लावला की कॅलेंडर फडफडतं, तिथे एक अख्खा ड्रमचा संच येऊन बसला! छातीत घुमणारा मोठा ड्रम, चटचट वाजणारा छोटा, वरच्या झांजा, सगळं! मी खुर्चीवरून उठलो. आपली कन्या हातातली कढई घेऊन बाहेर आली. म्हणाली, “काल चौकात यंत्राला शिव्या, आज घरात वाहवा. एकदा काय ते ठरवा, म्हणजे मला लोकांना सांगायला बरं.” मी तिला शांतपणे समजावलं की माझा विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या मुजोरीला आहे, आणि हा तर आपल्या हुकमात वाजतो. ती म्हणाली, “मग घरात एकजण तरी हुकमात आहे.”

पण खरी गंमत पुढेच. पहिल्यांदा ऐकून अंगावर काटा येतो, दहाव्यांदा ऐकलं की कळतं, हा वाजवत नाही, शिक्के मारतोय. प्रत्येक ठोका सारखा, प्रत्येक ठोका वेळेवर, पोस्टातला माणूस पाकिटांवर ठप्पे मारतो तसा. (त्या माणसाचाही चारनंतर हात सैल पडतो, ह्याचा तोही नाही.) तेव्हा चष्मेवाल्याने मला एक पट्टी दाखवली. बाबा, त्या सॉफ्टवेअरमध्ये माणूसपणाची पट्टी आहे! शून्यापासून शंभरपर्यंत! बोटाने सरकवली की ड्रमर तेवढा माणूस होतो! आयुष्यभर मी ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला ती इथे रेडिओच्या आवाजासारखी कमीजास्त होते. मी अर्थातच पट्टी थेट शंभरावर नेली. माणूसपणात काटकसर करणारा मी नव्हे! तर ड्रमर असा वाजवायला लागला की जणू प्यायलेला गृहस्थ भांड्यांची टोपली घेऊन जिना उतरतोय. हळूहळू मागे आणत आणत पाव भागावर तो शुद्धीवर आला. म्हणजे थोड्या माणूसपणावर काम चालतं, भरपूर असलं की सगळं कोसळतं. ह्या विषयावर मी स्वतंत्र व्याख्यान देणार आहे. (“तुमची पट्टी सध्या कितीवर आहे?” असं आतून विचारण्यात आलं.)

मग मी हट्टाला पेटलो. पट्टीवर भागणार नव्हतं, त्याला आयुष्य द्यायला हवं होतं. मी ठरवलं की हा माणूस उजवा आहे, म्हणून डाव्या हाताचे ठोके एकेक करून हलके केले. कडव्यात तो जरा मागे रेलून वाजवतो, कारण त्याला शब्द ऐकायचे असतात. (माझे शब्द आहेत, कोण नाही ऐकणार?) ध्रुवपदाच्या आधी त्याला राहवत नाही, तो केसभर पुढे सरकतो. माझं भाषण सुरू झालं की तो अगदी हळू, बोटांच्या टोकांनी वाजवल्यासारखा, आणि भाषण संपलं की ‘उघडा, उघडा, दार उघडा’वर तुटून पडतो. त्या प्रत्येक ‘उघडा’वर मी वरची मोठी झांज ठेवली. फुटल्यासारखी वाजते ती! तिचा नाद विरतोय तोवर पुढचा ‘उघडा’! बाबा, कित्येक संध्याकाळी मी त्या पडद्यावरच्या चौकटींमध्ये ठिपके ठेवत बसलो, आणि शेवटी गाणं पूर्ण लागलं तेव्हा चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. तो माणूस चष्मे फक्त गिऱ्हाइकांचे पुसतो.

गाणं पाठवलं. आणि फोन आला! निवड करणाऱ्या प्रमुख बाई स्वतः बोलत होत्या. म्हणाल्या, शब्द जरा जास्त आहेत. (मी सोडून दिलं.) सूर चालण्यासारखा आहे. (हेही सोडलं.) “पण तुमचा ड्रमर कोण हो? काय माणूस आहे! ते भाषण चालू असताना त्याचं ते सबुरीने वाजवणं, आणि मग ती झांज! मी दोनदा ऐकलं. तुम्हाला घेतलंय, पण त्यांना घेऊनच या. मंचावर सगळं समोर वाजवायचं, आधी भरून आणलेलं काही चालणार नाही.” मी म्हणालो, “आणतो!” तोंडातून निघून गेलं, बाबा. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण, आणि तेच मला महागात पडलं. ह्यात खोटं काहीच नव्हतं. ‘आहे’ असं मी म्हणालोच नाही, ‘आणतो’ म्हणालो. आपल्या कन्येने हा मुद्दा ऐकून घेतला आणि गॅस बंद करून विचारलं, “कुठून?”

तर चष्मेवाल्याला गाडी शिकवणाऱ्या बाई आहेत एक. तरुणपणी हॉटेलातल्या बँडमध्ये ड्रम वाजवायच्या, आता दिवसभर लोकांच्या चुकांवर ब्रेक मारतात. त्या आल्या. पायातले बूट न काढता सोफ्यावर बसल्या आणि डोळे मिटून गाणं ऐकू लागल्या. पाय आपोआप हलत होते, हात मांडीवर चालत होते. कडवं झालं, भाषण झालं, मी त्यांच्या चेहऱ्याकडे असा बघत होतो की जणू निकाल लागतोय. ‘उघडा’ आलं. त्यांचे हात हवेत थांबले. डोळे उघडले. गाणं मागे न्यायला लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी विचारलं:

“हा माणूस राहतो कुठे?”

मी सावधपणे म्हणालो, का हो?

“मला त्याचा तिसरा हात बघायचाय.”

बाबा, जमीन फाटावी असं वाटलं. उजवा हात टिकटिकणाऱ्या जोडझांजेवर, डावा छोट्या ड्रमवर, दोन्ही त्याच क्षणाला गुंतलेले, आणि त्याच क्षणाला ही वरची मोठी झांज! पायही दोन्ही कामात! मी त्या माणसाला स्वभाव दिला, थकवा दिला, डावाउजवा भेद दिला. हात मात्र मोजले नाहीत. मी वाद घातला, अर्थातच. म्हटलं, वेगाने नाही का जमणार? त्या म्हणाल्या, “ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा प्रश्न विचारणारी माणसं मी ओळखते. ती भिंतीला गाडी लावतात.” मग झांज काढून बघितली, तर ‘दार उघडा’ची आरोळी ‘जरा दार उघडता का’ अशी विनवणी झाली. जोडझांज काढली, तर गाणं चालता चालता ठेचकाळलं. आणि प्रमुख बाईंनी तर नेमकं त्या झांजेचंच नाव काढलेलं! गाडीवाल्या बाई उठल्या. दोन हात मी देते, म्हणाल्या, तिसऱ्याचं तुम्ही बघा.

सध्या असं आहे. बाकी इकडचं ठीक. हवा बरी आहे. नळाला पाणी येतं. धाकट्याला आशीर्वाद, सूनबाईंना नमस्कार, गुडघ्याला जपावं. पत्र लांबलं, पण मजकूरच तसा होता.

आपला आज्ञाधारक (आपली आज्ञा अजून यायची आहे, तरी),
जावई

ता. क. — लिहायचं राहिलंच. आपण आयुष्यभर सिग्नलच्या केबिनमध्ये लिव्हर ओढलेत. गाडी दिसायच्या आधी आपला हात तयार असायचा आणि क्षणाचाही फरक पडायचा नाही, हे सगळ्या स्टेशनला माहीत आहे. तर एका झांजेवर ठरलेल्या जागी काठी मारायची, एवढंच काम आहे. मोठ्या ड्रमच्या मागे काळा पडदा लावू, त्याआड खुर्ची, गुडघ्यासाठी उशी. फक्त हात बाहेर येईल. कुणाला कळणारही नाही. येण्याचं कळवावं.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवलं होतं, फोडलं. पडद्याआडचं काही माझ्या पचनी पडेना. खऱ्याची बाजू घेऊन ज्या दारापुढे ओरडलो त्याच दारात सासऱ्यांना लपवायचं? शक्य नाही! प्रमुख बाईंना फोन करून सगळं सांगितलं: ड्रमर नाही, पट्टी आहे, हात तीन आहेत. त्या इतक्या हसल्या की मला वाटलं लाइन खराब झाली. म्हणाल्या, “अहो, माणसाला हात दोन असतात एवढं मलाही कळतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मोजले होते. तुम्ही आणता कुणाला तेच बघायचं होतं.” तेव्हा पडदा रद्द. आपण समोर बसायचं, सगळ्यांना दिसेल असं! फक्त भाषण आटोपशीर करा, अशी त्यांची एक अट आहे. मी मोठ्या मनाने मान्य केली. आटोपशीर म्हणजे किती, हे त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

ता. क. तिसरा (तुमच्या लेकीच्या अक्षरात, ह्यांना न दाखवता) — बाबा, नक्की या. तिसरा हात आधी ह्यांनी स्वतः देऊन बघितला, ते लिहिलेलं दिसत नाही. बोलताना ह्यांचे हात उडतात हे तुम्हाला माहीत आहेच. दर वाक्याला झांज वाजली आणि एकदा चष्मेवाल्याच्या कानापाशी. तालमीत भाषण एवढं लांबलं की गाडीवाल्या बाई मधेच उठून पाणी पिऊन आल्या. आता त्यांनी नियमच केलाय: झांज वाजली की भाषण संपलं, मग वाक्य अर्धं असो की पाव. ह्यांनी आनंदाने होकार दिला, कारण झांज तुम्ही वाजवणार म्हणजे काय, हे ह्यांच्या अजून डोक्यात शिरलेलं नाही. बाबा, सिग्नल तुमच्या हातात आहे. गाडी फार वेळ उभी करू नका.