नव्वीची जोडी

महाड, शनिवार, मे २००४

...नव्वीची जोडी होती आणि मी ती पालथी टाकली. सहाजण खेळत होतो तेव्हा असं थांबणं चालून गेलं. पण पोकरच्या डावात आता तिघेच उरलो होतो: मी, हा खेळ मुंबईहून आणणारा मेहुणा विनय आणि उमरठची आत्या. यात ज्याचे डावावर लावायचे चिंचोके आधी संपतील त्याने सकाळी डेपोत रांग लावून पाहुण्यांची परतीची तिकिटं काढायची.

"भावोजी, तिघांत जोडी सोडतात? समोर दोघंच, एवढी पानंही भारी," विनय म्हणाला.

मी एक्क्यांची वाट पाहत होतो. खेळा न खेळा, दर डावाला चिंचोके टाकावेच लागतात. माझे त्यातच संपत आले. आत्याने मात्र दश्श्यांची जोडी येताच सगळे चिंचोके पुढे लोटले. आम्ही दोघांनी पानं टाकली.

"मेंढीकोटात कधी दश्शी सोडली नाय, आता सोडू?" ती म्हणाली. "तू बस रे एक्क्यांची पूजा करत."

शेवटचे चिंचोके मी दुर्री-सत्तीवर घालवले. नव्वीची जोडी का सोडली? अजून हसू येतंय.

रविवार. डेपोत खिडकीजवळच्या जागा संपल्या होत्या. मागच्या बाकावरच्या मिळत होत्या, त्या लगेच घेतल्या.