ट्रेबल कमी पडतोय

३ जानेवारी
स्पीकर आले. दोन बॉक्स, एक सबवूफर. ठरवलं: यापुढे घरात फक्त अ‍ॅक्युरेट आवाज. आळेफाट्यावर बावीस वर्षं नुसत्या कानाने ट्रक तपासणाऱ्या मिस्त्रीला दुसरं चालायचंच नाही. बेस उत्तम. ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, कमी. भजनातले टाळ गायब. कंपनीने काटकसर केलेली दिसते.

५ जानेवारी
ट्रेबल फुल केला. आता जरा बरं. श्रेया कानात बोटं घालून अभ्यास करते. कल्याणी म्हणते, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाजतंय. मायलेकींना बेसची सवय. हळूहळू त्यांचे कान तयार करीन.

११ जानेवारी
दुकानदाराला फोन. म्हणे, स्पीकर ओके आहेत, ज्याची त्याची आवड. आवड? मी अचूक आवाजाबद्दल बोलतोय!
कल्याणी मला कुकरकडे लक्ष द्यायला सांगून गच्चीवर गेली. डाळ करपली. एकही शिट्टी झाली नाही. तिने म्हणे वरून सात मोजल्या. कुकरही बदलायला हवा.

१९ जानेवारी, सकाळी १०
हौशीराम ट्रक घेऊन आला. कांदा भरलेला, मढवरून माळशेज उतरणार. म्हणाला, "गोरखभाऊ, म्होरल्या डाव्या चाकात बारीक किरकिर हाय." चाक फिरवून ऐकलं. काही नाही. परत ऐकलं. काही नाही. हसून म्हटलं, "वहीम आहे तुझा. जा बिनधास्त." तरी फाट्यावर थांबून, खाली उतरून चाकाकडे बघत होता. भित्रा स्वभाव.
 

२० जानेवारी
घाटात हौशीरामचं चाक जाम झालं. ट्रक डोंगराच्या अंगाला धडकला म्हणून वाचला. दुसऱ्या अंगाला दरी. त्याचा उजवा हात मोडला. बेअरिंग जळालं म्हणतात. उतारावर स्पीड घेतला असणार.
आज गाणी लावली नाहीत.

२२ जानेवारी
दवाखान्यात गेलो. हौशीराम ओरडला नाही. डाव्या हाताने मोबाईल पुढे केला. "तुमच्याकडं यायच्या आदी चाकाचं रेकॉर्डिंग केलं व्हतं. ऐका राव." लावलं. त्याच्या बायकोने, ठकूबाईने, दात शिवशिवल्यासारखं तोंड केलं. नर्स दारातून वळून बघायला लागली. मला नुसती इंजिनाची घरघर. म्हटलं, मोबाईलच्या आवाजात ट्रेबल नसतो.
 ठकूबाई माझ्याकडे बघत राहिली.

२५ जानेवारी
कल्याणीने नारायणगावला कान तपासायला नेलं. तिच्या समाधानासाठी गेलो. हेडफोन चांगल्या प्रतीचे. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला जाड, भोंग्यासारखे आवाज. लगेच दाबलं. मग काहीच नाही. बसून राहिलो. मशीन अडकलं असणार. काचेपलीकडे कल्याणी उभी, तोंडाला पदर लावून. शेवटी हेडफोन काढला, डॉक्टरबाईंना विचारलं, पुढचे आवाज कधी लावताय?
त्या म्हणाल्या, "काका, सगळे लावून झाले."