गरम पाण्यात धुतलेली कॉलर

९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आजीचे अ. उ. आ. (हे तुझ्या आईने आपणहून घातलं. मी सुरुवात 'काय गं भवाने' अशी सांगितली होती.)

तुझं पत्र काल आलं. आईने दोनदा वाचून दाखवलं, एकदा नीट आणि एकदा हसत. तुला एक पांढरा केस सापडला आणि तो तू कागदात गुंडाळून ठेवलास, हे ऐकून मला वाटलं तुमच्याकडे कुणी गेलं की काय. मनगटावरच्या घड्याळाने तुझ्या शरीराचं वय अडतीस सांगितलं, म्हणून तुला दोन रात्री झोप नाही. झोप नाही म्हणून घड्याळाने ते एक्केचाळीस केलं. हे घड्याळ माझ्या लाँड्रीत आलं असतं तर सोड्याच्या पाण्यात उकळून काढलं असतं. जिना चढताना गुडघा कटकन वाजतो म्हणतेस. माझे दोन्ही वाजतात. मी त्यांना उत्तर देत नाही.

तुझ्या त्या श्वास शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं की तिशीनंतर माणूस उताराला लागतो. मग मी एव्हाना दरीत पोचून पलीकडे निघाले असेन. सर स्वतः केवढे आहेत ते तू लिहिलं नाहीस. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी आणि संध्याकाळी पश्चात्ताप, याला तू आहार म्हणतेस. अगं, तू दातांच्या कवळ्या करतेस! दिवसभर परक्यांना चावता यावं म्हणून दात घडवायचे आणि स्वतः पाणी चघळत बसायचं, हा काय प्रकार आहे?

आई म्हणते फोन करू या. मी नको म्हटलं. फोनवर तू 'मस्त चाललंय' म्हणतेस आणि ठेवतेस. कागदावर खोटं बोलायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटू शकते.

लोभ आहेच. त्याला पचवायला तरी काहीतरी खात जा.
तुझी आजी (हस्ते तुझी आई)


२० फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हसून घे. तुझ्या लाँड्रीत कुणाला कोलेस्टेरॉल नव्हतं, कारण कुणी मोजलंच नाही. मला खरंच हलकं वाटतं. लॅबमधल्या मुली विचारतात, काय करतेस म्हणून. बरोबरीच्या सगळ्या जणी तिशीला सुटल्या आहेत, मीच तेवढी कॉलेजात होते तशी दिसते. सरांनी माझी निवड केली आहे. वीस मार्चपासून, म्हणजे माझ्या वाढदिवसापासून, गावाबाहेरच्या एका बंगल्यात शिबिर आहे. एकवीस दिवस फक्त पाणी. जुनं शरीर टाकून नवीन घ्यायचं, असं सर म्हणतात. तू म्हणशील जुन्याला काय झालंय. ते मी ऐकून ठेवलं असं समज.

बाकी ठीक. गेल्या आठवड्यात साच्यांचा अख्खा ट्रे माझ्या हातून पडला. फरशी ओली होती. नऊ साचे फुटले आणि एका म्हाताऱ्या शिंप्याची कवळी पंधरा दिवस लांबली. बिचारा तोवर दूध-पाव खाणार. फरशी पुसणाऱ्या मावशींना मालकांनी शेवटची ताकीद दिली. वाईट वाटलं, पण ओल्या फरशीला मी काय करणार?

सोबत माझा कामाचा पांढरा कोट पाठवते आहे. दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं आत घे, नोव्हेंबरमध्ये घेतलं होतंस तसंच. धुऊन पाठवला आहे. तुझ्यासारखा पांढरा झाला नाही, तेवढं माफ कर.

आईला सांग, मी मजेत आहे.
तुझी मुंगी


२७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
आशीर्वाद नंतर. आधी हे ऐक.

हे अक्षर तुझ्या आईचं नाही. हे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. यांनी जन्मभर लोकांची पत्रं न उघडता पोचवली, म्हणून यांना धरून बसवलंय. तुझ्या आईला यातलं अक्षरही ठाऊक नाही.

पार्सल आलं तेव्हा ती शाळेच्या कचेरीत होती. मीच सोडलं. कॉलरच्या मागच्या बाजूला, केसांखाली येते तिथे, बशीएवढा तपकिरी डाग. हात लावला तर कापड पापडासारखं कडक. तो चहाचा नाही आणि गंजाचाही नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतले मी. मला लिहिता-वाचता येत नसेल, पण कपड्यावर काय लिहिलंय ते मला चष्म्याशिवाय वाचता येतं. रक्त थंड पाण्यात काढायचं. गरम पाण्यात ते शिजतं आणि कापडाला धरून बसतं ते कायमचं. आपल्या घरात हे पाच वर्षांच्या पोरीला कळतं. तूच शेजारणींना शिकवत फिरायचीस. मग तू गरम पाणी का घेतलंस? कारण तुला कुणी बघायच्या आत डाग घालवायचा होता.

आता कोपरे. पाय घसरला की माणूस हात टेकतो, कोपर आपटतं, बाही घासते. तुझ्या बाह्या जशाच्या तशा आहेत. म्हणजे तू घसरली नाहीस. उभ्या उभ्या पोतं कोसळावं तशी मागे गेलीस, भान हरपून. (हा शब्द मास्तरांचा. मी 'धपकन' म्हटलं होतं, ते म्हणाले पत्रात बरं दिसत नाही. तुझं डोकं फुटलेलं पत्रात बरं दिसतं वाटतं.)

नोव्हेंबरमध्ये दोन बोटं, आता दोन बोटं. एका बाजूने माझा अख्खा पंजा झाला. मी हा कोट आत घेणार नाही. आणि ती फरशी कोरडी होती, होय ना? मग त्या मावशींना ताकीद कशाबद्दल मिळाली?

आठ-दहा दिवस तुझ्या आईला सांगत नाही. तेवढ्यात खरं काय ते मास्तरांच्या पत्त्यावर लिही, आणि त्या हवा खाऊन जगणाऱ्या सरांना सांग की तुझं नाव यादीतून काढा. एकवीस दिवस पाण्यावर राहिलीस तर नवं शरीर मिळेल की नाही ते माहीत नाही, जुनं मात्र आम्हाला खांद्यावर न्यावं लागेल.

तुझी आजी (हस्ते शेजारी)


५ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हो, चक्कर आली. दोन मिनिटांची गोष्ट. तीन टाके पडले, केसांत दिसतही नाहीत. सर म्हणाले, शरीरातलं विष बाहेर पडताना असं होतं.

तू एवढी तुच्छतेने का लिहितेस? प्रत्येक गोष्टीची टिंगल. मी सकाळी उठते, आरशासमोर उभी राहते आणि पहिल्यांदा पोट धरून बघते. रोज. ते कसं असतं हे तुला काय माहीत? तू जन्मात कधी जेवण सोडलंयस? तुला कुणी कधी जाडी म्हटलंय? तू जन्मभर दुसऱ्यांचे डाग बघत बसलीस आणि अजूनही तेच करते आहेस.

मावशींचं मी शिबिरानंतर बघेन. आता सांगितलं तर मालक मला घरी बसवतील. वीस तारखेला मी जाणार आहे. आईला सांगायचं तर सांग.

मास्तरांना नमस्कार. त्यांना उगाच यात ओढलंस.
मुंगी


१० मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ. या वेळी ते मीच सांगून घालायला लावले.

तुझं पत्र मास्तरांनी वाचलं आणि ते चष्मा पुसत बसले. मी त्यांना म्हटलं, पोरीने बरोबर विचारलंय, उत्तर लिहून घ्या. आणि एकही शब्द सुधारायचा नाही.

माझ्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जो भाजल्याचा डाग आहे, तो इस्त्रीचा दांडा निसटला म्हणून पडला, असं तू लहानपणापासून ऐकलंयस. तुझ्या आईनेही तेच ऐकलंय. ते खोटं आहे.

तुझा बाप तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. म्हणजे मी तिशीचीच असेन. नक्की वय मला कधीच ठाऊक नव्हतं, म्हणून उताराला कधी लागले तेही कळलं नाही. लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायला एक नवी बाई आली होती. तुझ्या आजोबांनी तिच्याकडे बघून म्हटलं, बाई कशी छडीसारखी आहे. मला काही म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती. मी भाकरी सोडली, भात सोडला, दिवसाला चार कप चहा ठेवला. तेव्हा असले सर नव्हते. मला ही अक्कल एकटीलाच सुचली. दीड महिन्यात ब्लाउज लोंबायला लागले. मी खूश! लोक विचारायचे तेव्हा ताठ व्हायचे, तू होतेस तशीच. मग एका दुपारी चादरी दाबताना डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी तापलेल्या इस्त्रीवर हात टाकून आडवी झाले.

शुद्धीवर आले तेव्हा सगळे विचारत होते काय झालं. उपाशी होते म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, इस्त्रीचा दांडा ढिला होता, निसटला. आमच्याकडे इस्त्र्या दुरुस्त करायला एक मिस्त्री यायचा. शांत माणूस, त्याचं काम कधी ढिलं नसायचं. तुझ्या आजोबांनी त्याला त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर हाकललं. तो इस्त्री हातात घेऊन दांडा हलवून दाखवत होता, बघा, घट्ट आहे. मी हाताला ओलं फडकं बांधून कोपऱ्यात बसले होते आणि गप्प राहिले. तो परत कधी या गल्लीत आला नाही. मी दुसऱ्या दिवशी जेवायला लागले. माझं सगळं बरं झालं.

तेव्हा टिंगल करते ती तुझी नाही. मी त्या बाईची टिंगल करते, जी कोपऱ्यात बसली होती. ती मला अजून आवडत नाही. तू पोट धरून आरशासमोर उभी राहतेस हे डोळ्यांपुढे आलं की मला ती दिसते आणि माझी जीभ सुटते.

तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. धमकी दिली होती, ती मागे घेते. तू लहान नाहीस. कोट तुझा आहे, तसाच परत पाठवला आहे. त्या मावशी मात्र अजून तिथेच कामावर आहेत, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे. माझ्याकडे एक संध्याकाळ होती.

मास्तर म्हणतात शेवट गोड करा. मला येत नाही.
तुझी आजी (हस्ते शेजारी, जसंच्या तसं)


१९ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे ते आई वाचून दाखवणार. आई, वाचताना मध्ये थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय ओरडायचं ते ओरड.

फेब्रुवारीत मी लॅबमध्ये चक्कर येऊन पडले. डोक्याला तीन टाके पडले. चार महिने मी धड जेवत नव्हते. 'मजेत आहे' असं तुला लिहीत होते, तेव्हाही जेवत नव्हते.

सोमवारी मालकांना सांगितलं की फरशी कोरडी होती. त्यांनी मावशींना आत बोलावलं आणि माझ्यासमोर त्यांची माफी मागितली. मीही मागितली. मावशी मला म्हणाल्या, तुला बघूनच मला कळलं होतं, पण माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार. त्यानंतर त्यांनी मला एक शब्दही बोलू न देता डॉक्टरकडे नेलं, स्वतःच्या सुट्टीत. रक्त खूप कमी आहे. तीन महिने गोळ्या, आणि दोन्ही वेळ जेवण. डॉक्टरीणबाई बोलायला तुझ्यासारखीच आहे, आजी, फक्त तिला लिहिता येतं.

सरांना नाव काढायला सांगितलं. ते म्हणाले, तुझं शरीर तयार होतं, मनच कच्चं निघालं. मी दोन दिवस त्यावर रडले. खोटं कशाला लिहू? काल दुपारी भात आणि दोन अंडी घेऊन बसले. अर्धा तास लागला. प्रत्येक घासाला तो आरसा समोर येत होता. आजही येत होता. उद्याही येईल बहुतेक, उद्या मी तीस पूर्ण करते.

आजीने हे सगळं कसं ओळखलं आणि मला पुढे काय लिहिलं, ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे. तिने सांगितलं तर ऐक, नाही सांगितलं तर विचारू नकोस.

आई, सांगूनही तू इथे थांबली असणार, मला माहीत आहे. आजी, तिला पेलाभर पाणी दे. आणि आई, प्यायलीस की पुढचं एक वाक्य मोठ्याने वाच, तिला ऐकू जाईल असं: मी जेवते आहे.

लोभ कमी करू नका, दोघीही.
तुमची मुंगी