कोरडा काठ

४ मार्च

पोचले एकदाची! जीपने घाटात हाडं खिळखिळी केली, पण घर दिसलं आणि सगळा शीण पळाला. दगडी, बसकं घर. मागे जंगल इतकं खेटून की खिडकी उघडली तर फांदी आत येते. ढगांचं जंगल म्हणतात याला, कारण बरेच महिने ते ढगातच बुडालेलं असतं. आज मात्र लख्ख ऊन होतं.

बाई इथल्या संशोधक. या जंगलात कोण कोणाला खाऊन जगतं यावर त्या पुस्तक लिहितायत आणि चित्रं मी काढायची. त्यांच्याशिवाय घरात दोघंच. स्वयंपाकाच्या मावशी, आणि जीप चालवणारे काका, जे बागेचंही बघतात.

आणि मला खोली मिळालीये! स्वतःची! दोन खाटा, दोन गाद्या, दोन उशा. आई-बाबा गेल्यापासून मी आणि ठकी मामाकडे एका खाटेवर झोपतो, आणि माझी ही धाकटी बहीण झोपेत लाथा मारते. मामी वाईट नाही, पण आमच्या ताटात वाढताना तिचा सुस्कारा ऐकू येतोच. एक दिवस आपली खोली घेऊ, असं मी ठकीला शाळेत असल्यापासून सांगत आलेय. बाईंना विचारलं, दुसरी खाट कोणाची? त्या म्हणाल्या, असू दे, तुमचं कोणी आलं तर.

७ मार्च

दिवसभर शेवाळलेल्या ओंडक्यावर बसून चित्रं काढली. स्कर्ट हिरवा झालाय, तो आता जन्मात पांढरा होत नाही.

इथली खादाडी बघत बसावं. शिंजीर हा इवला पक्षी फुलातला मध पितो आणि जाता जाता एखादा कोळीही मटकावतो. त्याच फुलाच्या देठाशी हिरवा चापडा पानासारखा पडून असतो. हा साप हलत नाही, डोळा मिटत नाही, शिंजीर जवळ आला की संपलाच. चापडा मेला की त्याच्यावर बुरशी, बुरशीवर गोगलगायी. झाडांच्या खांद्यावर झाडं वाढतात आणि त्यांच्यावरचं शेवाळ चक्क ढग पितं.

सगळ्यात आवडली ती घटपर्णी. पानाच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा घट, वर झाकण, तोंडाला लालसर गुळगुळीत काठ. काठावर गोड रस झिरपतो. त्यासाठी मुंगी येते, घसरून आत पडते आणि विरघळून झाडाच्या पोटात जाते. निदान पुस्तकात तसं आहे. आज तर एक लंगडी मुंगी काठावर मजेत फिरली, पोटभर प्यायली आणि सुखरूप घरी गेली. मी तिचं चित्र काढलं आणि घटपर्णीची मला कीवच आली.

घराचं बांधकाम मात्र चमत्कारिक आहे. उंबरा ओलांडला की काळ्या, गुळगुळीत दगडाचा उतरता पट्टा, आणि तो संपतो तिथे लगेच टाक्यात उतरणाऱ्या पायऱ्या. ढगाचं पाणी तिथे साठतं म्हणे. खोल्यांकडे जायचं तर भिंतीला धरून वळायचं. तो पट्टा मावशी रोज काथ्याच्या ब्रशने घासतात, मळला नसला तरी. मामीने बघितलं असतं तर मला आठवडाभर ऐकवलं असतं.

१२ मार्च

ढाराढूर झोपते. गाल वर आलेत. याचं निम्मं श्रेय दाराच्या चौकटीला! तिच्यातून डिंकासारखं काहीतरी पाझरतं. बोटाला लागलं म्हणून सहज चाटलं, तर गोड. मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, लाकूड जुनं आहे, पाझरतं, आम्ही सगळेच चाटतो. तेव्हापासून येता-जाता एक बोट. लहान मुलासारखं चाललंय माझं.

बाईंच्या टेबलावर एक फोटो आहे. बाई, त्यांचा नवरा आणि दोन छोटे मुलगे, चौघं याच उंबऱ्यावर उभे. हे सगळे कुठे असतात, असं विचारलं. इथेच, म्हणाल्या. म्हणजे खालच्या शहरात असतील, असं मी धरलं. काकांचा भाऊही इथे कामाला होता. होता म्हणजे, असं विचारलं तर काका टायर बघायला वाकले ते वर आलेच नाहीत.

१६ मार्च

आज घटपर्णी उभी चिरून आतलं चित्र काढलं. तळाशी मुंग्यांची पोकळ टरफलं, गच्च. सगळ्या एकाच जातीच्या, बाई म्हणाल्या एकाच वारुळातल्या. मला कळेना. पहिल्या दोन-चार बुडाल्या की बाकीच्यांना अक्कल येऊ नये? बाई म्हणाल्या, ढग येऊ दे, मग दाखवते.

२० मार्च

सुट्टी घेऊन मामाकडे गेले. ठकीने आधी आढेवेढे घेतले. शिवणकामाच्या कारखान्यात तिला कायम करणार आहेत, ते सोडून कशी येऊ म्हणाली. मी ताईपणा गाजवला. दोन खाटा सांगितल्या, खिडकीतून आत येणारी फांदी सांगितली, मावशींना हाताखाली कोणीतरी हवंच आहे हेही सांगितलं. माझे गाल बघून मामी म्हणाली, हिने तर बाळसं धरलंय. मग ठकीने माझा हात धरून विचारलं, ताई, खरंच ना सगळं? मी आईची शपथ घेतली. एक अक्षर खोटं नव्हतं.

ती राजीनामा देणार आणि अठ्ठावीसला येणार. काका जीप घेऊन जातील. जीव भांड्यात पडला.

२१ मार्च

काकांनी परतीच्या वाटेवर विचारलं, किती जण येणार? दारात बाईंनीही तेच विचारलं. आत मावशींनीही तेच. मी म्हटलं, एकटी ठकी. मावशींचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, असू दे, एक तर एक.

रात्रीच्या जेवणात माझं लक्ष नव्हतं. एवढी विचारपूस कशाला?

२५ मार्च

ढग आला. अंगणातली जीपसुद्धा दिसत नाही. घरात सगळं ओलसर, काळा पट्टा आरशासारखा चमकतोय.

बाई मला घटपर्णीपाशी घेऊन गेल्या. काठ ओला झाला होता. मुंग्यांची रांग येत होती आणि रांगेच्या पुढे लंगडी. माझी लंगडी! ती काठाखालीच थांबली. तिच्या मागच्या सगळ्या वर चढल्या आणि एकामागून एक आत गेल्या, बघता बघता, रांगच्या रांग. लंगडी थोडा वेळ घुटमळली आणि वारुळाकडे परत निघाली.

बाई शांतपणे सांगत होत्या. कोरड्या दिवसात काठ घसरडा नसतो. पहिली येते, खाते, सुखरूप जाते आणि घरच्यांना घेऊन येते. ती कोणाला फसवत नाही. तिला जे मिळालं तेच ती सांगते. पहिल्याच दिवशी तिला गिळलं तर झाडाला एकच मुंगी मिळेल, नाही का?

मग त्यांनी देठाच्या पोकळीत राहणाऱ्या दुसऱ्या मुंग्या दाखवल्या. या पडत नाहीत. झाड त्यांना रस देतं आणि त्या काठ साफ ठेवतात. बुरशी धरू देत नाहीत, म्हणजे तो घसरडा राहतो. मी विचारलं, यांचं वारूळ कुठलं? बाई म्हणाल्या, आता हेच.

घरातून ब्रशचा आवाज येत होता. खस्स, खस्स.

२६ मार्च

मावशी बाहेर गेल्यावर भिंतीला धरून, बसत बसत पायऱ्या उतरले. टॉर्च मारला. पाणी दाट आहे आणि त्याला चौकटीच्या डिंकाचाच वास येतो. तळाशी बटणं, बकलं, एक चष्मा. चपला. मोठ्या माणसांच्या बऱ्याच. आणि लहान मुलांचे बूट, दोन जोड.

हाडं नाहीत. एकही नाही.

वर आले तर बाई उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. पहिलं वर्ष मीही फार रडले, म्हणाल्या. मग डिंकाने बरं वाटतं.

मला काही होणार नाही. हे मला आता नीट कळलंय. मला कधीच काही होणार नव्हतं. ठकीला होणार आहे, आणि तिला मी बोलावलंय.

२७ मार्च

फोन लागत नाही. ढगात कधीच लागत नाही म्हणे.

काका सकाळीच जीप घेऊन गेले. मी पायी निघाले, वाटेतच तिला अडवायचं ठरवून. वळणापर्यंत गेले. तोंड कोरडं पडलं, जीभ टाळूला चिकटली. मामाकडे जाताना असं काहीच झालं नव्हतं. पुढचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा दाराच्या चौकटीला तोंड लावून उभी होते.

मावशी शेजारीच होत्या. सवय होते, म्हणाल्या आणि पदराने माझी हनुवटी पुसली.

२८ मार्च, सकाळी

पट्ट्यावर चुलीतली राख पसरली. जाड. आता पाय घसरणार नाही. तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवीन. नोकरी गेली तर गेली, मामीचे सुस्कारे ऐकू जन्मभर, एका खाटेवर लाथा खाऊ —

दुपारी

राख नाही. पट्टा लख्ख आहे. मावशींना विचारलं. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

माझ्या नखांत राख आहे.

नंतर

उंबऱ्याशी बसून लिहितेय. काहीही लिहीन. हातात पेन आहे तोवर हातात ब्रश नाही. मघाशी थांबले होते, जरासं, आणि बघते तर अर्धा पट्टा घासून —

ठकी. ठकी. ठकी. येऊ नकोस. ठकी.

दार लावलं होतं. बाईंनी उघडलं.

जीप. जीपचा आवाज —

ढगातून हाक मारतेय. ताई, ताई, कुठेयस गं. ओरडायला हवं. ओरडते — तोंड भरलंय, गोड, चिकट, जबडा उघडत नाही. मी कधी चाटलं? आत्ता तर लिहीत होते —

दिसली. हसतेय. काखेत काहीतरी आहे, उलगडून दाखवतेय. उशांचे अभ्रे. दोन. तिने शिवलेत, आमच्या दोघींचे —

हात हलवतेय मी. मागे जा, मागे जा. तिला वाटतंय मी बोलावतेय. धावत येतेय —

उंबऱ्यालगतचा हा एक दगड कोरडा राहिलाय. एवढाच. तेवढा घासून घेते, मग तिला सांग